पहिला गडी कोणता मागाल?



खेळ कोणताही असो, खो-खो असो, कबड्डी असो नाहीतर साधी लंगडी, खेळ सुरू होण्याआधी एक काम करावंच लागतं. ते म्हणजे गडी वाटून घेणं! आपल्या मुखेडच्या कोणत्याही शाळेच्या मैदानावर जा, नाहीतर पार पुण्या-मुंबईला जा, हे काम बहुतेक दोन रीतींनी होतं.

पहिली रीत जोडीची. सारख्या ताकदीचे दोघे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून बाजूला जातात, कानात कुजबुजून गुपचूप नावं ठरवतात आणि दोन्ही नायकांपुढे येऊन विचारतात, "ढग पाहिजे का वारा?" नायकाने 'वारा' म्हटलं की वारा झालेला गडी त्याचा आणि ढग दुसऱ्याचा. इथे सगळा कारभार नशिबाचा.

दुसरी रीत मागण्याची. दोन नायक समोरासमोर उभे राहतात. नाणं उडवतात. नाणं नसलं तर खापराचा तुकडा एका बाजूने ओला करून 'ओली का सुकी' करतात. जो जिंकेल तो पहिला गडी मागतो. मग दुसरा मागतो. पुन्हा पहिला, पुन्हा दुसरा. सगळ्यांत चपळ मुलगा पहिल्यांदा जातो. आणि शेवटी एक-दोघे उरतात. त्यांना कोणी मागत नाही. "तू कुणाकडंही जा रे," असं म्हणून त्यांची वाटणी होते. ते खाली मान घालून पायाच्या अंगठ्याने माती उकरत उभे असतात. तुम्ही पाहिलंय ना हे? कदाचित तुम्हीच कधीतरी त्या जागी उभे राहिला असाल.

आज आपण या दुसऱ्या रीतीबद्दल बोलणार आहोत. पहिला गडी मागायची पाळी आपल्यावर आली, तर कोणाला मागायचं? प्रश्न वाटतो सोपा, पण मोठमोठ्या संघांना त्याने घाम फोडला आहे, बरं का!

पुण्यातली मागणी

ही रीत फक्त शाळेच्या पोरांची नाही. २०२२ साली 'अल्टिमेट खो-खो' नावाची मोठी स्पर्धा पुण्याच्या म्हाळुंगे-बालेवाडीतल्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात झाली. चेन्नई, गुजरात, मुंबई, ओडिशा, राजस्थान आणि तेलुगू योद्धा असे सहा संघ होते. आता संघ सहा आणि खेळाडू देशभरातले. त्यांची वाटणी कशी करायची?

क्रिकेटच्या आयपीएलमध्ये किंवा प्रो-कबड्डीत लिलाव होतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. ज्याची बोली मोठी, त्याचा गडी. इथे तसं केलं नाही. खेळाडूंचे दर्जाप्रमाणे गट पाडले, प्रत्येक गटाची रक्कम आधीच ठरवून टाकली आणि संघांनी पाळीपाळीने एकेक गडी मागायचा, असं ठरलं. अगदी तुमच्या मैदानावर होतं तसंच! या पद्धतीला 'ड्राफ्ट' म्हणतात. लिलावात पैशाची थैली बोलते, ड्राफ्टमध्ये पाळी बोलते, एवढा फरक लक्षात ठेवा.

त्या निवडीत तेलुगू योद्धा संघाने महाराष्ट्राच्या प्रतीक वाईकरला घेतलं. हा संघ थेट अंतिम सामन्यात पोचला. ४ सप्टेंबर २०२२ ला ओडिशाने त्यांना ४६ विरुद्ध ४५ असं हरवलं. फक्त एका गुणाने! पण प्रतीकची गोष्ट तिथे संपली नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तेव्हा भारताच्या पुरुष संघाचा कर्णधार होता हाच प्रतीक. महिला संघाची कर्णधार होती आपल्या महाराष्ट्राचीच प्रियांका इंगळे. दोन्ही अंतिम सामन्यांत भारताने नेपाळला हरवलं.

शेवटचा नंबर, पहिली पाळी

पाळीने गडी मागायच्या या रीतीचा सगळ्यांत मोठा पसारा अमेरिकेत बेसबॉलमध्ये आहे. बेसबॉल आपल्याला अगदीच परका नाही. आपल्या शालेय क्रीडा स्पर्धांत बेसबॉल आणि सॉफ्टबॉल हे दोन्ही खेळ असतात. चेंडू फेकणारा तो पिचर, काठीसारख्या गोल बॅटने टोलवणारा तो बॅटर आणि बॅटरच्या मागे मोठा हातमोजा घालून बसणारा तो कॅचर. आपल्या यष्टिरक्षकासारखाच!

अमेरिकेत बेसबॉलचे सर्वांत वरच्या दर्जाचे ३० संघ आहेत. दरवर्षी हे संघ शाळा-कॉलेजातली नवी मुलं निवडतात. ही मुलं अजून पैसे घेऊन खेळलेली नसतात, म्हणून त्यांना हौशी खेळाडू म्हणायचं. १९६५ पूर्वी ज्या संघाकडे पैसा जास्त, तो चांगली पोरं उचलून न्यायचा. श्रीमंत संघ आणखी बळकट, गरीब संघ आणखी दुबळा. मग १९६५ मध्ये ड्राफ्ट सुरू झाला. त्यातली गंमत अशी, की जो संघ मागच्या हंगामात तळाशी होता, त्याला आधी मागायचा मान द्यायचा. दुबळ्याला आधी वाढायचं, पोट भरलेल्याला नंतर. आपल्या पंगतीतसुद्धा लहान लेकरांना आधी जेवू घालतात, तसंच काहीसं.

आता तुमच्यातला एखादा चलाख मुलगा लगेच विचारेल, "मग संघ मुद्दाम हरले तर?" शाब्बास! हा प्रश्न तिथल्या लोकांनाही पडला. पहिला गडी मिळावा म्हणून हंगामच सोडून द्यायचा मोह होऊ लागला. म्हणून २०२३ च्या ड्राफ्टपासून पहिल्या सहा पाळ्या सोडतीने ठरू लागल्या. शेवटच्या फेऱ्यांसाठी पात्र न ठरलेल्या संघांच्या चिठ्ठ्या टाकतात. तळाच्या संघांना संधी जास्त असते, पण खात्री नसते. मुद्दाम हरूनही पहिली पाळी मिळेलच असं नाही. नियम करणाऱ्याने पळवाटेचा विचार आधी करावा लागतो, तो असा.

बरं, समजा पहिली पाळी तुमच्या संघाला मिळाली. आता तुमच्यापुढे पेच आहेत. एकेक करून बघू.

पेच पहिला : पिकलेला आंबा का कैरी?

निवडायच्या मुलांत दोन जातीचे खेळाडू असतात. एक कॉलेजातला एकवीस-बावीस वर्षांचा. त्याचं अंग भरलेलं असतं, खेळ बसलेला असतो, तो काय करू शकतो ते दिसतं. दुसरा शाळा नुकतीच संपवलेला सतरा-अठरा वर्षांचा. त्याच्या खेळात चुका आहेत, पण हाताला वेग असा, की बघणाऱ्याचे डोळे विस्फारावेत. पहिला म्हणजे पिकलेला आंबा. आज खाता येईल. दुसरा म्हणजे कैरी. पिकली तर साखरेसारखी गोड होईल, पण वाऱ्या-वादळात गळूनही पडू शकते.

कोणता घ्यायचा? याचं उत्तर गड्याकडे नसतं, तुमच्याकडे असतं. तुमचा सामना कधी आहे? उद्याच तालुक्याची स्पर्धा असेल, तर तीन मिनिटं पळती करणारी दहावीतली मुलगी घ्यावी लागेल. पण तीन वर्षांनी भक्कम संघ उभा करायचा असेल, तर सहावीतली ती मुलगी बघा, जी खांबाजवळ अशी हुलकावणी देते की मोठ्या मुलीही चकतात.

याचं एक उत्तम उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. प्रो-कबड्डीत लिलावाशिवाय आणखी एक दार असतं. 'नवे तरुण खेळाडू' म्हणून संघ काही कोवळी पोरं घेऊ शकतो. २०२१-२२ च्या हंगामात पुणेरी पलटणने त्या दारातून आपल्या अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) जिल्ह्यातल्या अस्लम इनामदारला आणि हरियाणाच्या मोहित गोयतला खेळवलं. कैऱ्याच होत्या त्या! लगेच काही अजिंक्यपद मिळालं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये पलटण अंतिम सामन्यापर्यंत गेली आणि जयपूरकडून २९-३३ अशी हरली. पण संघाने त्या पोरांचा हात सोडला नाही. १ मार्च २०२४ ला हैदराबादला अस्लमच्या नेतृत्वाखाली पलटणने हरियाणाच्या संघाला २८-२५ असं हरवलं आणि पहिल्यांदाच अजिंक्यपद मिळवलं.

पण थांबा, गोष्ट अर्धीच सांगितली. त्याच हंगामासाठी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूईवर २ कोटी ३५ लाख रुपये मोजले होते. तो पिकलेला आंबा! म्हणजे शहाण्या संघाच्या टोपलीत दोन्ही होतं.

पेच दुसरा : उणीव भरायची का उत्तम गडी घ्यायचा?

समजा, तुमच्या खो-खो संघात पळणारे पुष्कळ आहेत, पण खांबावर सूर मारून गडी टिपणारा एकही नाही. तुमची पाळी आली. समोर शाळेतला सर्वांत उत्तम पळणारा उभा आहे आणि शेजारी खांबावर बरा खेळणारा एक जण. कोणाला मागाल?

१९६६ साली न्यूयॉर्क मेट्स या संघापुढे असाच पेच होता. पाळी पहिली. एका बाजूला रेजी जॅक्सन नावाचा कॉलेजातला जबरदस्त टोलंदाज. दुसऱ्या बाजूला स्टीव्ह चिलकॉट नावाचा शाळकरी कॅचर. मेट्सने चिलकॉटला मागितलं. आम्हाला कॅचर हवा होता, असं कारण त्यांनी पुढे सांगितलं. दुसऱ्या पाळीच्या कॅन्सस सिटीच्या संघाने जॅक्सनला उचललं.

पुढे काय झालं? जॅक्सनने ५६३ वेळा चेंडू मैदानाबाहेर टोलवला, पाच वेळा तो अजिंक्य संघात होता आणि १९९३ मध्ये बेसबॉलच्या मानाच्या दालनात त्याचं नाव लागलं. बिचाऱ्या चिलकॉटचा खांदा दुखावला आणि वरच्या दर्जाचा एकही सामना त्याला खेळायला मिळाला नाही.

यावरून चिलकॉट वाईट खेळाडू होता असं म्हणायचं का? मुळीच नाही. दुखापत सांगून येत नाही. सतरा वर्षांच्या त्या पोराने 'मला पहिला मागा' असं कुठे म्हटलं होतं? शिकायचं ते एवढंच, की उणीव आजची असते आणि गडी पुष्कळ वर्षांचा असतो. तो नवखा मुलगा वरच्या संघात येईपर्यंत तीन-चार वर्षं जातात. तोवर आजची उणीव भरलेली असते आणि दुसरीच निघालेली असते. म्हणून पहिल्या पाळीला बहुतेक जाणकार म्हणतात, उत्तम गडी घ्या, उणीव पुढच्या पाळ्यांत भरा.

मात्र मधल्या सुट्टीतला खेळ अर्ध्या तासात संपतो. तिथे उणीव भरणंच शहाणपणाचं असू शकतं. नियम पाठ करू नका, हिशोब करा!

पेच तिसरा : सगळे पैसे एकावर का वाटून?

आता थोडं गणित. घाबरू नका, चौथीचं गणित आहे.

बेसबॉलमध्ये निवडलेल्या मुलाला करार करताना एक रक्कम देतात. पाळीप्रमाणे अंदाजे आकडा ठरलेला असतो. सगळ्या मुलांचा मिळून किती खर्च करायचा यालाही मर्यादा असते. म्हणजे आईने बाजारात जाताना ठरलेले पैसे दिले, त्यातच भाजीही आणायची आणि तेलही, तसं.

२०१२ साली ह्यूस्टन ॲस्ट्रोज हा संघ तळाला होता. पहिली पाळी त्यांची. पहिल्या गड्यासाठी आकडा होता ७२ लाख डॉलर. त्यांनी पोर्तो रिको बेटावरच्या कार्लोस कोरिया या सतरा वर्षांच्या मुलाला मागितलं आणि करार केला ४८ लाख डॉलरला. किती वाचले? २४ लाख! हे वाचलेले पैसे त्यांनी पुढच्या पाळ्यांसाठी ठेवले. लान्स मॅककलर्स नावाचा एक शाळकरी पिचर होता. तो कॉलेजला जाणार होता, थोड्या पैशांत यायला तयार नव्हता, म्हणून इतर संघ त्याला मागायला कचरत होते. ४१ व्या पाळीला ॲस्ट्रोजने त्याला मागितलं आणि २५ लाख डॉलर दिले. एका गड्याच्या पैशात दोन मोहरे!

२०१७ मध्ये हा संघ अजिंक्य ठरला, तेव्हा कोरिया आणि मॅककलर्स दोघेही संघात होते. मात्र एक गोष्ट तुमच्यापासून लपवून ठेवणार नाही. त्याच हंगामात या संघाने समोरच्या संघाच्या खुणा कॅमेऱ्याने चोरल्या होत्या, हे २०२० मध्ये चौकशीत सिद्ध झालं आणि त्या अजिंक्यपदाला डाग लागला. निवडीतली हुशारी वेगळी आणि मैदानावरची लबाडी वेगळी. पहिली शिकायची, दुसरी नाही.

गड्यालाही मत असतं

आतापर्यंत आपण संघाच्या बाजूने विचार केला. पण ज्याला मागतात त्याचं काय? तो काही दुकानातली वस्तू नाही.

गेरिट कोल नावाचा मुलगा शाळा संपवत होता. २००८ मध्ये न्यूयॉर्क यांकीज या सर्वांत नावाजलेल्या संघाने त्याला पहिल्याच फेरीत मागितलं. त्याचा तो लहानपणापासूनचा लाडका संघ! तुम्ही असता तर काय केलं असतं? कोल म्हणाला, नको, मी आधी कॉलेजला जाणार. आणि तो गेला. तीन वर्षं शिकला, खेळला, अंगाने भरला. २०११ च्या ड्राफ्टमध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने त्याला सगळ्यांत पहिला मागितला. आणि गंमत बघा, २०१९ च्या डिसेंबरात त्याच यांकीजने त्याच्याशी नऊ वर्षांचा करार केला, ३२ कोटी ४० लाख डॉलरचा!

पालकांनो, हा मजकूर तुमच्यासाठीही आहे. खेळात पुढे जाणाऱ्या मुला-मुलीच्या घरात एक दिवस प्रश्न येतोच. शाळा का खेळ? प्रबोधिनीत पाठवायचं का घरी ठेवून दहावी करू द्यायची? सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर नाही. कोलला थांबणं फळलं, दुसऱ्या कुणाला त्याच काळात दुखापत झाली असती. पण दोन गोष्टी नक्की करता येतात. एक, लेकराला विचारा. त्याच्या डोक्यावरून निर्णय घेऊ नका. दुसरी, खेळ थांबला तर हातात काय राहील, हे आधीच ठरवून ठेवा. अमेरिकेत दरवर्षी शेकडो मुलं निवडली जातात. त्यांतली फार थोडी सर्वांत वरच्या संघापर्यंत पोचतात. बाकीच्यांना शेवटी शिक्षणच हात देतं.

शेवटी उरलेला

आता वळू या त्या पोराकडे, जो अंगठ्याने माती उकरत उभा आहे.

१९८८ च्या बेसबॉल ड्राफ्टमध्ये माइक पियाझा नावाचा मुलगा होता. फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या, त्याचं नाव कुणी घेईना. शेवटी ६२ व्या फेरीत लॉस एंजेलिस डॉजर्सने त्याला घेतलं. त्याच्या आधी १,३८९ मुलं निवडली गेली होती! तेही कसं, तर त्या संघाचे प्रशिक्षक त्याच्या वडिलांचे स्नेही होते, त्यांनी शब्द टाकला म्हणून. मग त्याने नवी जागा शिकून घेतली. कॅचर व्हायचं ठरवलं आणि घाम गाळला. पुढे त्याने ४२७ वेळा चेंडू मैदानाबाहेर टोलवला. २०१६ मध्ये मानाच्या दालनात त्याचं नाव लागलं. त्या १,३८९ मुलांतल्या बहुतेकांची नावं आज कुणाला आठवत नाहीत.

परदेश कशाला, आपल्या मराठवाड्यात बघा. लातूरच्या पलीकडे धाराशिव, म्हणजे पूर्वीचं उस्मानाबाद. तिथली सारिका काळे. घरची परिस्थिती अतिशय हलाखीची. मैदानावर पाय ठेवला तेव्हा ती तेरा वर्षांच्या आसपास होती. तिच्यावर बोली लावायला कुठला लिलाव नव्हता, की मागायला कुठला ड्राफ्ट नव्हता. पण रोज मैदानावर येणारी मुलगी प्रशिक्षकांच्या नजरेत भरली. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत गुवाहाटीला भारताच्या महिला खो-खो संघाने सुवर्णपदक मिळवलं, तेव्हा सारिका कर्णधार होती. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला.

मग निवडणारे चुकतात कसे? कारण ते मुलाला आज बघतात. मुलं मात्र सारख्या वेगाने वाढत नाहीत. एकाच वर्षी जानेवारीत जन्मलेला मुलगा आणि डिसेंबरात जन्मलेला मुलगा, दोघे १४ वर्षांखालच्या एकाच गटात खेळतात. पण पहिला जवळजवळ वर्षाने मोठा! त्या वयात एका वर्षात उंचीत केवढा फरक पडतो! जगात अनेक खेळांत असं आढळलं आहे, की वयाची मोजणी जिथून सुरू होते, त्याच्या लगेच पुढच्या महिन्यांत जन्मलेली मुलं जास्त निवडली जातात. ती जास्त गुणी असतात म्हणून नव्हे, थोडी आधी जन्मलेली असतात म्हणून!

म्हणून शेवटी उरलेल्या मित्रा, एवढं ध्यानात धर. 'आज तू शेवटचा' याचा अर्थ 'तू शेवटचा' असा होत नाही. आणि पहिल्याने मागितल्या गेलेल्या मित्रा, तूही ध्यानात धर. पहिली पाळी हा निवडणाऱ्याचा अंदाज आहे. तो खरा करायचा का नाही, ते तुझ्या सरावावर आहे.

सापाची चाल

आता तुमच्या मैदानावर लगेच वापरता येईल अशी एक युक्ती.

समजा आठ गडी आहेत. सर्वांत चांगल्याला ८ गुण, त्याच्या खालच्याला ७, असं करत शेवटच्याला १. नायक दोन, अंजली आणि बालाजी. नेहमीच्या रीतीने पाळी आळीपाळीने येते. अंजलीला मिळतात ८, ६, ४, २. बेरीज करा. २०! बालाजीला मिळतात ७, ५, ३, १. बेरीज १६. म्हणजे केवळ नाणं अंजलीच्या बाजूने पडलं म्हणून तिचा संघ चार गुणांनी जड झाला. बिचाऱ्या बालाजीचं काय चुकलं?

आता सापाची चाल करू. पहिल्या फेरीत आधी अंजली, मग बालाजी. दुसऱ्या फेरीत आधी बालाजी, मग अंजली. तिसरीत पुन्हा आधी अंजली, चौथीत आधी बालाजी. पाळी सापासारखी वळत जाते. अंजलीला मिळतात ८, ५, ४, १. बेरीज १८. बालाजीला मिळतात ७, ६, ३, २. बेरीज? तीही १८! बघा, नियमातली एवढीशी वळणं, पण दोन्ही पारडी समान झाली. आणि खेळ रंगतो तो पारडी समान असली तरच. एकतर्फी सामन्यात जिंकणाऱ्यालाही मजा येत नाही.

याला आणखी एक जोड द्या. काल जो संघ हरला, त्याच्या नायकाने आज आधी मागायचं. बेसबॉलची रीत!

आणि तिसरी गोष्ट, सर्वांत महत्त्वाची. शेवटचे चार गडी उरले, की मागणं थांबवा. त्या चौघांच्या दोन जोड्या करा आणि आपली जुनी रीत काढा. "ढग पाहिजे का वारा?" या जुन्या रीतीत केवढं शहाणपण आहे बघा. तिथे कुणी पहिला नसतो, कुणी शेवटचा नसतो. कुणाला माती उकरत उभं राहावं लागत नाही. नायकाला चांगले गडीही निवडता येतात आणि कुणाचं मनही दुखत नाही.

तर या आठवड्याचा उद्योग. वहीत दोन रकाने पाडा. तीन दिवस नेहमीच्या रीतीने गडी वाटा, तीन दिवस सापाच्या चालीने. रोज कोण किती गुणांनी जिंकलं ते लिहा. फरक कोणत्या रीतीत कमी राहतो ते शनिवारी बघा. आणि तीन दिवस तरी असा गडी पहिल्या फेरीत मागून पाहा, ज्याला आजवर कुणी आधी मागितलं नाही. तो कसा खेळतो, तेही दुसऱ्या रकान्याखाली लिहून ठेवा. वही तुमच्या बाईंना किंवा गुरुजींना जरूर दाखवा.

चला तर, घंटा झाली. गडी वाटून घ्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा मैदानावर भेटू!